आउश्वित्झला मी काय पाहिले

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी जरा घोटाळ्यात पडले. ‘सहा महिने युरोपात राहून आलीस, तर वर्धापनदिनाला प्रवासवर्णनपर काही बोल, बायकांना आवडते,’ असा तो निरोप होता. आता प्रवासवर्णन म्हटले की बर्फ आला, फुलांचे बाजार आले, तिकडच्या बायका घरकाम कसे आटोपतात हे आले. ते सगळे माझ्याजवळ आहे, आणि हळदीकुंकवाला भेटलात तर हवे तितके सांगेन. पण त्या सहा महिन्यांतला एकच दिवस असा आहे की जो अजून माझी पाठ सोडत नाही. तो सांगू का, असे मी विचारले. चिटणीसबाई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘सांग. पण चहाच्या आधी सांग, नंतर नको.’ म्हणून आज मला सर्वांत पहिल्यांदा उभे केले आहे.

मी नोकरीच्या निमित्ताने 2022 साली पोलंडमधल्या क्राकोव शहरात होते. तेथून बसने दीड तासावर ओश्विएन्चिम नावाचे गाव आहे. जर्मनांनी 1939 मध्ये पोलंड घेतला, गावाचे नाव बदलून आउश्वित्झ केले, आणि आज सारे जग त्या गावाला त्याच परक्या नावाने ओळखते. गावाबाहेर सैन्याच्या जुन्या विटांच्या बराकी होत्या. तेथे त्यांनी छळछावणी उघडली. 14 जून 1940 रोजी 728 पोलिश राजकीय कैदी पहिल्या आगगाडीने आले. पुढे जागा अपुरी पडू लागली तेव्हा तीन किलोमीटरवर बिर्केनाऊ येथे दुसरी, पुष्कळ मोठी छावणी बांधली, आणि तेथे विषारी वायूने माणसे मारण्याची कायमची सोय केली. 27 जानेवारी 1945 रोजी रशियन सैन्य पोहोचले. तोपर्यंत सुमारे 13 लाख माणसे तेथे आणली गेली होती आणि त्यांतली सुमारे 11 लाख जिवानिशी गेली होती. त्यांत दहा लाखांच्या आसपास ज्यू होते. बाकीचे पोलिश होते, रोमा म्हणजे ज्यांना आपण जिप्सी म्हणतो ते होते, सोव्हिएत युद्धकैदी होते. साऱ्या युरोपात मिळून त्या वर्षांत साठ लाख ज्यू मारले गेले. आकडा मोठा झाला की मन त्यावरून घसरून जाते. मी माझ्यापुरता हिशेब केला: आपल्या अलिबागसारखे चार तालुके माणसांसकट नाहीसे झाले, तरी या एका छावणीचा आकडा पुरा होत नाही.

खरे सांगायचे तर मी तेथे काही भक्तिभावाने गेले नव्हते. रविवार होता, कचेरीतल्या तिघीजणी निघाल्या होत्या, मीही निघाले. नोव्हेंबरची थंडी होती. आदल्या रात्री पिशवी भरताना एक अडचण मात्र ध्यानात आली. माझी पैशांची कापडी थैली आपल्याच मंडळाच्या शिवणवर्गात झालेली, आणि तिच्यावर लाल दोऱ्याने छानसे स्वस्तिक भरलेले. ज्यांच्या बाहेर काढलेल्या दातांचे सोने वितळवले गेले त्यांच्या दारात हे चिन्ह घेऊन कसे जायचे? मी थैली खोलीत ठेवली आणि पैसे खिशात घातले. आपले स्वस्तिक निराळे, त्यांचे निराळे, हे मला ठाऊक आहे आणि कोणी विचारले असते तर मी समजावूनही सांगितले असते. पण तेथे येणाऱ्या एखाद्या वृद्ध बाईला समजावून सांगण्याआधी ते तिच्या डोळ्यांना दिसले असते, एवढाच विचार केला.

फाटकावर लोखंडी अक्षरांत लिहिले आहे की श्रमाने माणूस मुक्त होतो. त्याखालून आत गेले की पहिली जाणीव होते ती ही, की जागा अगदी नीटनेटकी आहे. सरळ रस्ते, एका मापाच्या लाल विटांच्या दुमजली इमारती, प्रत्येकीवर क्रमांक, कडेने झाडे. आमच्याबरोबर संग्रहालयाच्या एक पोलिश मार्गदर्शक बाई होत्या. त्या सावकाश, आवाज न चढवता बोलत, आणि मध्येच थांबून आम्हाला नुसते पाहू देत.

आता मी जे सांगणार आहे ते घर चालवणाऱ्या बायकांना सांगते आहे, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. एका इमारतीत मारलेल्यांच्या वस्तू काचेमागे ठेवल्या आहेत. एक लाख दहा हजार पादत्राणे. तीन हजार आठशे पेट्या, पुष्कळांवर पांढऱ्या रंगाने मालकाचे नाव मोठ्या अक्षरांत, हरवू नये म्हणून. चष्म्यांचा ढीग, तारांचा गुंता व्हावा तसा. आणि एका दालनात भांडी. बारा हजार भांडी! एनॅमलची पातेली, किटल्या, मगे, परड्या. निळी, पांढरी, तांबडी. काहींचे टवके उडालेले. आपल्याकडे पूर्वी घरोघर अशी भांडी होती, आजीच्या फडताळात अजून दोन आहेत.

मी तेथे उभी राहिले आणि मला कळेना की माणूस मरायला जाताना पातेले कशाला घेऊन जाईल. मार्गदर्शक बाईंनी सांगितले की त्यांना मरणाचे ठाऊकच नव्हते. पुष्कळांना सांगण्यात आले होते की तुम्हाला पूर्वेकडे नव्या जागी वसवायचे आहे, तेथे काम मिळेल, ठरावीक वजनाचे सामान बरोबर घ्या. मग घरातल्या बाईने काय केले असेल? तेच, जे आपल्यापैकी कोणीही केले असते. नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी चूल पेटवायची तर काय काय लागेल याचा विचार केला असेल. मोठे पातेले जड, पण घरात माणसे पाच. लहान पुरायचे नाही. दुधाची किटली तान्ह्या मुलासाठी. हे ठेवू का ते ठेवू, असे करीत तिने रात्र घालवली असेल, नवऱ्याने घाई केली असेल, आणि शेवटी झाकण एकाचे आणि पातेले दुसऱ्याचे असे निघाले असेल. मैत्रिणींनो, माझ्या डोळ्यांत तेथपर्यंत पाणी आले नव्हते. भांड्यांपाशी आले.

त्याच इमारतीत एक दालन असे आहे की जेथे छायाचित्र काढायला मनाई आहे. तेथे केस आहेत. बायकांना मारल्यावर त्यांचे केस कापून घेत, वाळवीत आणि पोत्यांत भरून कारखान्यांना विकत. किलोला अर्धा मार्क असा भाव होता. त्यांचे जाडेभरडे कापड विणत, त्याचा तागाही शेजारी ठेवला आहे. रशियन सैन्य आले तेव्हा गोदामात सात टन केस शिल्लक होते, आज काचेमागे सुमारे दोन टन आहेत. काळाने सगळे एकाच राखी-भुऱ्या रंगाचे झाले आहेत. पण त्यांत काही वेण्या अजून घातलेल्याच आहेत, सुटलेल्या नाहीत. यापुढे मी त्याविषयी बोलणार नाही.

दुपारी आम्हाला बिर्केनाऊला नेले. तेथे नीटनेटके असे काही नाही. डोळा पोचेल तेथवर मोकळे मैदान, काटेरी तारा, लाकडी बराकी बहुतेक नाहीशा झालेल्या आणि त्यांची धुराडी तेवढी रांगेने उभी. मधोमध रूळ थेट छावणीच्या आत येतात. 1944 च्या मे महिन्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत एकट्या हंगेरीतून सुमारे चार लाख तीस हजार ज्यू या रुळांवरून आणले गेले. गाडीतून उतरले की दोन रांगा, पुरुषांची वेगळी, बायकामुलांची वेगळी. मग एक डॉक्टर समोरून जाणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून बोटाने दिशा दाखवी. एका दिशेला मजुरी, दुसऱ्या दिशेला त्याच दिवशी मरण. म्हातारे, आजारी, लहान मुले दुसऱ्या दिशेला. आणि जिच्या कडेवर किंवा हाताशी मूल असेल ती धडधाकट तरुण बाईसुद्धा मुलाबरोबर दुसऱ्याच दिशेला, कारण मूल हिसकावून घेतले तर रडारड होते, गोंधळ होतो, पुढच्या गाडीला उशीर होतो.

वाचलेल्यांनी पुढे लिहून ठेवले आहे की सामान उतरवणारे जुने कैदी कधी कधी तरुण आयांच्या कानाशी कुजबुजत, मूल आजीजवळ दे. कशासाठी, हे सांगायची सोय नव्हती. काही आयांनी दिले, काहींनी दिले नाही. दिले त्या वाचल्या, आणि मग त्यांना कळले. मी ऐकत होते तेव्हा आमच्या गटातली एक बाई मुलाला पाठुंगळी घेऊन उभी होती. तिने मूल खाली उतरवले आणि पुन्हा लगेच उचलून घेतले.

तेथल्या चार मुलींची नावे मी मुद्दाम पाठ करून आले आहे. रोझा रोबोटा, आला गेर्टनर, रेगिना साफिर्श्टाइन आणि एस्टेर वाइत्सब्लुम. छावणीजवळ दारूगोळ्याचा कारखाना होता, त्यात कैदी बायकांना राबवीत. तेथून या मुलींनी चिमूट चिमूट स्फोटक दारू कापडाच्या पुरचुंडीत लपवून बाहेर काढली. रोझा कपड्यांच्या गोदामात होती, तिने ती पुढे पोचवली. प्रेते जाळण्याच्या भट्ट्यांवर ज्या ज्यू कैद्यांना जबरदस्तीने राबवले जाई, त्यांनी 7 ऑक्टोबर 1944 रोजी बंड केले आणि एक भट्टीगृह पेटवून दिले. बंड त्याच दिवशी मोडले, सुमारे साडेचारशे कैदी मारले गेले. चौकशीत या चौघींचा छळ झाला, पण बाहेरच्या साथीदारांची नावे फुटली नाहीत. 6 जानेवारी 1945 रोजी इतर बायकांच्या देखत त्यांना फाशी दिली. सुटकेला एकवीस दिवस उरले होते.

आता मला माझ्याविषयी बोलायचे आहे, आणि आई पहिल्याच रांगेत बसली आहे म्हणून ते थोडे जड जाते आहे.

तुमच्यापैकी जी आमच्याकडे आली आहे तिने बैठकीतल्या कपाटात एक पेला पाहिला असेल. चौदाव्या वर्षी मला वक्तृत्वस्पर्धेत पहिल्या क्रमांकाचा मिळालेला. पेला सगळ्यांना माहीत आहे. भाषण कशावर होते ते बहुधा कोणाला आठवत नसेल. विषय होता ‘मला भावलेला नेता’ आणि मी हिटलरवर बोलले होते. पडलेले राष्ट्र त्याने कसे उभे केले, किती शिस्त, किती वक्तशीरपणा, कसे ज्वलंत देशप्रेम! शेवटी मूठ आवळून म्हणाले होते की आपल्याकडेही असाच कोणी पाहिजे. टाळ्या पडल्या. परीक्षकांनी आवाजाची आणि पाठांतराची तारीफ केली. ज्यूंविषयी भाषणात एक वाक्य होते, की त्याच्या हातून काही चुकाही घडल्या. साठ लाख माणसे त्या ‘काही चुका’ या दोन शब्दांत बसवली होती, आणि मला, मला बसवणाऱ्या शिक्षकांना, परीक्षकांना, घरच्यांना, कोणालाही ते खटकले नाही. आम्ही कोणी दुष्ट नव्हतो. त्याच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर आपल्याकडे एस.टी. स्टँडवरच्या दुकानातही टांगलेले असते. इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र, हा हिशेब आपल्या पणजोबांच्या वेळचा, तो कोणी पुसून टाकला नाही. आणि गर्दीत, रांगेत, सरकारी कचेरीत कंटाळलेला माणूस अजूनही सहज म्हणून जातो, इथे हिटलरच पाहिजे.

बिर्केनाऊच्या रुळांवर मला ते भाषण शब्दन् शब्द आठवले. कारण ज्या शिस्तीचे मी गोडवे गायले होते ती तेथे समोर होती. जर्मन रेल्वे या माणसांना नेण्याचे भाडे घेत असे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? गुरांच्या डब्यांत कोंबून नेत, पण भाडे तिसऱ्या वर्गाचे, किलोमीटरवर आकारलेले. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालील मुलांना माफ. चारशेच्या वर माणसे असली तर जथ्याची सवलत. परतीचे भाडे फक्त पहारेकऱ्यांचे. कोणी तरी कारकून मेजाशी बसून हा हिशेब चोख ठेवीत होता, आणि संध्याकाळी घरी जाऊन मुलांचा अभ्यास घेत होता. छावणीचा मुख्य अधिकारी हेस कुंपणाला लागूनच असलेल्या घरात बायको आणि पाच मुलांसह राहत असे. घराला बाग होती. 1947 मध्ये त्याला तेथेच, त्या घरापासून जवळच, फाशी दिली. मी वक्तशीरपणा म्हणाले होते. होताच वक्तशीरपणा.

आणखी एक गोष्ट मला परतीच्या बसमध्ये आठवली आणि मान वर करवेना. आपल्याच जिल्ह्यातल्या, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हिटलरच्या सैन्याशी लढताना 10 जुलै 1944 रोजी इटलीत मारले गेले. वय अवघे बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला त्यांचा पुतळा आहे. हंगेरीच्या गाड्या बिर्केनाऊला रिकाम्या होत होत्या तो हाच उन्हाळा. शाळेच्या सहलीत मी तो पुतळा पाहिला होता, आणि तरी त्याच वर्षी ते भाषण केले. परीक्षकांनीही पुतळा पाहिलेला असणारच.

अलिबागकरांना आणखी एक गोष्ट सांगायला नको. युरोपातल्या लोकांनी ज्यू म्हणजे कोण हे पुस्तकातून शिकावे, आपल्याला त्याची गरज नाही. आपल्या गावात इस्रायल आळी आहे, तिथे 1848 सालचे प्रार्थनामंदिर आहे. नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या जहाजातून वाचलेल्या सात जोडप्यांची कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकली आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते शनवार तेली. मराठी त्यांची, मलिदा त्यांचा, आणि मुंबईच्या कामा इस्पितळात असंख्य बायकांची बाळंतपणे सुखरूप करणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड त्यांच्याच. इथे त्यांना शतकानुशतके कोणी त्रास दिला नाही, ही आपल्या मुलखाची गोष्ट मी तिकडे अभिमानाने सांगत असे. 1948 नंतर बहुतेक घरे इस्रायलला गेली, मोजकी राहिली.

आमच्या शेजारच्या मावशी उशिरा गेल्या. माझ्या लहानपणी त्या इथेच होत्या. आमच्या दोन्ही घरांच्या ओट्यांमध्ये एक कठडा तेवढा होता, आणि मी त्या भाषणाची तालीम आमच्या ओट्यावर, चांगली पंधरा दिवस, खणखणीत आवाजात केली होती. पेला घेऊन आले तेव्हा आई त्यांच्याकडे पेढे घेऊन गेली. त्यांनी पेढा घेतला आणि मला म्हणाल्या, ‘आवाज छान आहे हो तुझा.’ एवढेच.

त्या रात्री क्राकोवहून मी त्यांना फोन लावला. त्या आता अश्दोदला मुलाकडे असतात, तिकडे एक तास पुढे. कोठे जाऊन आले ते सांगितले, आणि विचारले, मावशी, तुम्ही तेव्हा माझे भाषण ऐकले होते ना? ‘रोज ऐकत होते. पाठ झालं होतं मला.’ मग मला काही बोलला का नाहीत? मावशी थोड्या थांबल्या. म्हणाल्या, ‘तू लहान होतीस ग. आणि तुझ्या आईला केवढा आनंद झाला होता. बोलले असते तर तिनं तुला रागावलं असतं, मग आमच्या घरी यायला तिला अवघड झालं असतं. शेजार होता. आमचं कोणी त्या छावणीत गेलं नाही, देवाची कृपा. पण इथे आल्यावर सून आली ती सलोनिकाच्या घरातली. तिच्या आजीच्या माहेरचं एक माणूस उरलं नाही. लग्नानंतर तिनं मला विचारलं, तुमच्या देशात लोकांना हे माहीत आहे का? मी म्हटलं, आहे की.’

मला त्यावर काही बोलता येईना. मावशींनीच विषय बदलला. थंडीत नीट जेवतेस ना, विचारले, आणि अलिबागला गेलीस की चांगली आमसुले पाठव म्हणाल्या, तिकडे मिळतात ती जुनी असतात. ती मी पाठवली.

पेल्याचे काय करायचे यावरून घरी थोडे झाले. फेकून देऊ म्हटले तर आई म्हणाली, तू मेहनत केली होतीस ती खोटी नव्हती. तिचेही बरोबर आहे. सध्या तो माळ्यावर आहे, पितळेच्या घंगाळात.

शेवटी चिटणीसबाईंना एक विनंती. मंडळाच्या यंदाच्या वक्तृत्वस्पर्धेसाठी आपण मला परीक्षक म्हणून बोलावले आहे आणि मी होकारही दिला आहे. विषयांची यादी परवा हाती आली. त्यातला तिसरा विषय ‘देशाला हवा कठोर हुकूमशहा’ असा आहे. दोन्ही बाजूंनी बोलायला मोकळीक आहे, असे आपण फोनवर म्हणालात. पण चौदा वर्षांच्या मुलींना कोणत्या बाजूला टाळ्या पडतात हे मी अनुभवाने सांगू शकते. तो विषय बदलावा, किंवा तो ठेवायचाच असेल तर स्पर्धेआधी एक दुपार मला मुलींबरोबर द्यावी. मी भांड्यांच्या दालनाची चित्रे आणली आहेत, ती दाखवीन. यावर आपण कार्यकारिणीत बोलून मला कळवाल, अशी आशा आहे.

चहा निवत असेल.